तक्ता बरोबर भरला, पण गुणाकार केला का?

तिसरीच्या वर्गात मुलांना रिक्षाच्या चाकांचा तक्ता दिला होता. डाव्या रकान्यात रिक्षा, उजव्या रकान्यात चाकं. १ समोर ३ आणि २ समोर ६ असं आधीच लिहिलेलं. ३ ते ६ समोरच्या जागा रिकाम्या. एका मुलीने अर्ध्या मिनिटात त्या भरल्या: ९, १२, १५, १८. सगळं बरोबर. मी तिच्या वहीत ६ च्या खाली पेन्सिलने २० लिहिलं. तिने समोर लिहिलं २१.

कसं काढलंस, असं विचारल्यावर म्हणाली, "वर अठरा आहेत ना, त्यात तीन मिळवले."

म्हणजे तिने नियम नीट पाळला होता. फक्त तो नियम रिक्षा आणि चाकांमधला नव्हता, एका ओळीतून खालच्या ओळीत जाण्याचा होता. डावीकडचा रकाना तिने पाहिलाच नव्हता. मी २० लिहिलं नसतं तर तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते आणि गुणाकार येतो अशी सगळ्यांची समजूत झाली असती.

अशा तक्त्याला इनपुट-आउटपुट तक्ता म्हणतात. तो दोन दिशांनी वाचता येतो. वरून खाली वाचला तर दिसतं "दर वेळी तीन वाढतात". ही बेरीज झाली. डावीकडून उजवीकडे वाचला तर दिसतं "जेवढ्या रिक्षा, त्याच्या तिप्पट चाकं". हा गुणाकार.

२००१ साली श्लीमन, कॅराहर आणि ब्रिझुएला या संशोधकांनी अमेरिकेतल्या तिसरीच्या मुलांबद्दल नेमकं हेच मांडलं. मुलं किमतींचा तक्ता भरतात, पण प्रत्येक रकाना वेगळा धरून, वरून खाली. तक्ता पूर्ण होतो, दोन रकान्यांमधला संबंध मात्र लक्षात येतोच असं नाही.

मग वरून खाली जाणं चुकीचं का? अजिबात नाही. याच श्लीमन आणि कॅराहर यांनी टेरेझिन्हा कॅराहर यांच्यासोबत १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या फेरीवाल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका मुलाला विचारलं, ३५ ला एक नारळ, तर १० नारळांचे किती? त्याने ३५ वर शून्य दिलं नाही. तीन नारळांचे १०५, अजून तीन म्हणजे २१०, अजून तीन ३१५, आणि एक राहिला, ३५०. तक्त्याच्या भाषेत हे उजव्या रकान्यातून खाली उतरणंच आहे. पण प्रत्येक पावलाला किती नारळ झाले याचा हिशोब त्याने सोडला नाही. आमच्या मुलीकडून सुटलं ते हेच.

याचा थोडा संबंध आपल्या पाढ्यांशीही असावा, असं मला वाटतं. "तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ." यातले एके, दुणे, त्रिक हे शब्द म्हणजेच इनपुट. पण चालीत म्हणताना ते निसटतात आणि कानात उरतं तीन, सहा, नऊ, बारा. पाढे पाठ असावेतच. फक्त मधल्या शब्दाकडे कधीतरी लक्ष वेधावं लागतं.

तर तक्ता देताना काय बदलायचं?

पहिलं, ओळी गाळा. १, २, ५, १०, २० असे आकडे द्या. मग क्रम उलटसुलट करा: ७, २, १०, ०. "दर वेळी तीन" इथे चालतच नाही. आणि शून्य रिक्षांना किती चाकं, यावर वर्गात मस्त वाद होतो.

दुसरं, उत्तर लगेच आटोपू नका. ५ समोर १५ लिहिण्याआधी ५ × ३ लिहायला सांगा. नुसत्या १५ मध्ये नियम लपतो, ५ × ३ मध्ये तो उघडा राहतो.

तिसरं, उलटं विचारा. चाकं २७, तर रिक्षा किती? भागाकार इथेच, वेगळा धडा न काढता भेटतो.

चौथं, "माझा नियम ओळखा" खेळा. तुम्ही यंत्र व्हा. मूल २ म्हणालं, तुम्ही ६ म्हणा. ते ओरडेल, "तिप्पट!" पण अधिक चार हाही नियम असू शकतो. मग ते ५ टाकून बघेल: १५ आले तर तिप्पट, ९ आले तर अधिक चार. एका ओळीवरून नियम ठरत नाही, पडताळून बघावा लागतो, हे ते स्वतःच शिकतं.

हे सगळं तिसरीतच का? कारण पुढे बीजगणितात कितीही रिक्षांसाठी एकच नियम लिहायचा असतो: क्ष रिक्षांना ३क्ष चाकं. क्ष च्या वर कोणतीच ओळ नसते, जिच्यात तीन मिळवता येतील. आडवं वाचायची सवय नसलेलं मूल तिथे अडकतं आणि आपण म्हणतो, त्याला बीजगणित जमत नाही.

त्या मुलीला मी २१ चूक आहे असं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "सहा रिक्षांना अठरा चाकं, आणि वीस रिक्षांना एकवीस?" ती दोन्ही रकान्यांकडे आळीपाळीने बघत राहिली, मग खोडरबर मागितला.