पाचशे माणसांच्या काउंटीतलं मेडिकेअर

अमेरिकेतल्या माँटाना राज्याच्या मधोमध पेट्रोलियम नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे ४,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या गोव्याहून जास्त. २०२० च्या जनगणनेत इथे माणसं निघाली ४९६. एकेकाळी इथे तेल सापडलं म्हणून हे नाव. आता बहुतेकांचा धंदा गुरांचा. विनेट हे मुख्य गाव, तिथे दोनशेही लोक नाहीत. हॉस्पिटल पन्नासेक मैलांवर, लुइसटाउनला. हृदयाचा किंवा कॅन्सरचा मोठा डॉक्टर गाठायचा तर बिलिंग्ज, शंभरेक मैल. जानेवारीत बर्फ पडलं की हे आकडे मैलांत मोजण्यात अर्थ नसतो.

आता असं धरू की इथे गुरं पाळणारी एक बाई येत्या मार्चच्या मध्यात पासष्टची होते आहे. अमेरिकेत पासष्टी म्हणजे मेडिकेअर. वयोवृद्धांसाठीचा हा सरकारी आरोग्य विमा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही करून आणला. सहीसाठी ते मुद्दाम मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावी गेले, कारण तिथे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन राहत. असा विमा आणायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, म्हणून पहिलं कार्ड त्यांना दिलं गेलं. कायदा एकच, देश एकच. तरी या बाईने कुठला प्लॅन घ्यावा याचं उत्तर न्यूयॉर्कच्या बाईपेक्षा वेगळं निघतं. ते का, याच्या खोलात गेलं की दुर्गम भागात डॉक्टर कसा टिकतो याचं अख्खं यंत्र उघडं पडतं.

आधी पाया पाहू. पार्ट ए हॉस्पिटलात दाखल होण्याचा. पार्ट बी डॉक्टर, तपासण्या, अँब्युलन्स यांचा. त्याचा हप्ता २०२५ मध्ये दरमहा १८५ डॉलर. पार्ट डी औषधांचा, तो २००३ च्या कायद्याने आला आणि २००६ पासून लागू झाला. पार्ट बीमध्ये सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरायची, मग बिलाचे ८० टक्के सरकार देतं आणि २० टक्के आपल्या खिशातून जातात. त्या वीस टक्क्यांना वर कमाल मर्यादा नाही. दहा लाखांचं बिल झालं तर दोन लाख आपले. मला तरी या सगळ्या व्यवस्थेतलं हे सर्वांत घाबरवणारं वाक्य वाटतं.

या भगदाडापाशी रस्ता फुटतो. एक वाट मेडिगॅपची: मूळ मेडिकेअर ठेवायचं आणि उरलेलं भरायला खासगी कंपनीची पुरवणी पॉलिसी घ्यायची. या पॉलिसींना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत आणि बहुतेक राज्यांत अक्षर तेच असेल तर माल तोच, हे १९९० च्या कायद्याने बांधून दिलंय. प्लॅन जी कुठल्याही कंपनीचा घ्या, मिळणारं सारखंच. फरक फक्त किमतीत. विम्याच्या बाजारात इतका सरळपणा दुर्मिळ. हप्ता मात्र दर महिन्याला वेगळा भरावा लागतो. दुसरी वाट मेडिकेअर ॲडव्हान्टेजची, म्हणजे पार्ट सी. सरकार माणशी ठरावीक रक्कम खासगी कंपनीला देतं आणि पुढचा सगळा कारभार कंपनी पाहते. अनेकदा जादा हप्ता शून्य, वर दातांचं, चष्म्याचं, कानाच्या यंत्राचं काहीतरी. शिवाय स्वतःच्या खर्चाला वार्षिक मर्यादा, २०२५ मध्ये नेटवर्कमधल्या उपचारांसाठी जास्तीत जास्त ९,३५० डॉलर. देशातले निम्म्याहून जास्त मेडिकेअरधारक आता याच वाटेने जातात. मुख्य अट अशी, डॉक्टर आणि हॉस्पिटल सहसा कंपनीच्या नेटवर्कमधलं हवं.

शहरात ही अट सहसा कुणाला टोचत नाही. विनेटला टोचते.

नेटवर्क पुरेसं आहे की नाही हे सरकारी नियमातली एक सारणी ठरवते. देशातल्या काउंट्यांच्या पाच प्रतवाऱ्या केल्यात, मोठ्या महानगरापासून पोहोचायला कमालीच्या अवघड प्रदेशापर्यंत. चौरस मैलामागे दहापेक्षा कमी माणसं असली की काउंटी शेवटच्या प्रतवारीत जाते. पेट्रोलियममध्ये तीन चौरस मैलांमागे एकच माणूस आहे. महानगरात नेहमीचा डॉक्टर ५ मैलांत, १० मिनिटांत हवा. शेवटच्या प्रतवारीत ६० मैल, ७० मिनिटं चालतात. हॉस्पिटलला महानगरात १० मैल, इथे १०० मैल आणि ११० मिनिटं. तेही सगळ्यांच्या बाबतीत नाही. ग्रामीण काउंट्यांत ८५ टक्के मेडिकेअरधारक या अंतरात आले की कंपनी पास. म्हणजे पन्नास मैलांवरचं हॉस्पिटल नेटवर्कबाहेर आणि शंभर मैलांवरचं आत, असा प्लॅनही नियमात बसू शकतो. जीव धोक्यात असेल तेव्हा नेटवर्क पाहिलं जात नाही, जवळच्या आपत्कालीन कक्षाचा खर्च प्लॅनला द्यावाच लागतो. प्रश्न येतो तो नंतरच्या फेऱ्यांचा: टाके काढणं, रक्त तपासणं, गुडघ्याचा व्यायाम.

आता लुइसटाउनच्या हॉस्पिटलकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. सेंट्रल माँटाना मेडिकल सेंटर हे सरकारी भाषेत ‘क्रिटिकल ॲक्सेस’ हॉस्पिटल. देशभरात अशी १,३०० च्या वर आहेत. खाटा जास्तीत जास्त २५, आपत्कालीन कक्ष चोवीस तास उघडा, रुग्णाचा मुक्काम सरासरी ९६ तासांच्या आत, आणि दुसरं हॉस्पिटल सर्वसाधारणपणे ३५ मैलांहून दूर. डोंगराळ भागात १५ मैलही चालतात. १९९७ च्या कायद्याने हा प्रकार देशभर आला, पण बीज माँटानाचंच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथली छोटी हॉस्पिटलं एकामागोमाग बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा राज्याने कमी नियमांचं, कमी मुक्कामाचं एक हॉस्पिटल करून पाहिलं. ते ९६ तास तिथूनच आले.

एरवी मेडिकेअर हॉस्पिटलला आजाराप्रमाणे ठरलेला दर देतं. न्यूमोनियाचे इतके, खुब्याच्या हाडाचे इतके. रोज शेकडो रुग्ण येतात तिथे हे भागतं. पण रात्रभर दिवा लावून, नर्स बसवून, एक्स-रे यंत्र चालू ठेवून दोनच रुग्ण आले तर? म्हणून या छोट्या हॉस्पिटलांना मेडिकेअर दर न लावता वाजवी खर्चाच्या १०१ टक्के देतं. खर्च भरून वर एक टक्का. २०१३ पासूनच्या सरसकट दोन टक्के कपातीमुळे हातात शंभराच्या किंचित खालीच पडतात, पण तत्त्व तेच आहे: उघडं राहण्याचेच पैसे.

आणि हा १०१ टक्क्यांचा नियम मूळ मेडिकेअरचा आहे. हॉस्पिटलशी करार करताना ॲडव्हान्टेज कंपनीवर तो बंधनकारक नाही. वाटाघाटीत ठरेल तो दर. त्यामुळे पन्नास मैलांवरची ती बाई शून्य हप्त्याच्या प्लॅनवर टिक करते तेव्हा लुइसटाउनच्या हिशेबाच्या वहीत एक रुग्ण एका रकान्यातून दुसऱ्यात जातो. मुंबईतल्या एखाद्या बड्या हॉस्पिटलला एका माणसाच्या पॉलिसीने काय फरक पडणार? पंचवीस खाटांच्या जागी शे-दोनशे लोकांनी एकाच हिवाळ्यात प्लॅन बदलला, तर ते वर्षअखेरीच्या ताळेबंदात दिसतं. मतदानाइतकीच ही निवड सार्वजनिक आहे, फक्त कुणी तसं म्हणत नाही. तिला दोष द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. दरमहा वाचणारे डॉलर तिचे आहेत आणि हॉस्पिटल जगवण्याचा भार तिच्या एकटीवर का?

याच हॉस्पिटलांतला आणखी एक चमत्कार म्हणजे झुलती खाट. खुब्याचं ऑपरेशन बिलिंग्जला झालं, आता दोन-तीन आठवडे नर्सिंग आणि व्यायाम हवा. शहरात यासाठी वेगळं केंद्र असतं. इथे तीच खाट सकाळी आजारपणाची असते आणि संध्याकाळी कागद बदलून शुश्रूषेची होते. रुग्ण आधीपासून इथेच दाखल असेल तर तो हललेलाही नसतो, उशीही तीच, पण नोंदीत त्याला डिस्चार्ज मिळालेला असतो आणि नव्याने दाखलही केलेलं असतं. मूळ मेडिकेअरला यासाठी आधी हॉस्पिटलातले सलग तीन दिवस लागतात. ॲडव्हान्टेज प्लॅन बऱ्याचदा ती अट सोडतात, पण आधी मंजुरी मागतात, आणि मंजुरी दूरच्या एखाद्या केंद्राचीही मिळू शकते.

या छोट्या हॉस्पिटलांच्या जुगाडाला एक खोचही आहे. क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटलात बाह्यरुग्ण म्हणून गेलं तर रुग्णाचे ते वीस टक्के हॉस्पिटलने लावलेल्या छापील दरावर मोजले जातात. इतरत्र ते मेडिकेअरने मान्य केलेल्या रकमेवर असतात. समजा तपासणीचा खरा खर्च १,००० डॉलर आणि छापील दर २,००० डॉलर. रुग्णाचा वाटा झाला ४००, म्हणजे खऱ्या खर्चाचे ४० टक्के. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा अशा हॉस्पिटलांतल्या बाह्यरुग्ण सेवांचा जवळपास निम्मा खर्च रुग्णांवर पडत असल्याचं निघालं. म्हणून मूळ मेडिकेअर ठेवणाऱ्या गावकऱ्याला पुरवणी पॉलिसीची गरज शहरी माणसाहूनही जास्त.

आणि त्या पॉलिसीचं दार घड्याळावर चालतं. आपल्या बाईची मेडिकेअर नोंदणीची मुदत सात महिन्यांची: डिसेंबर ते जून. ती हुकली आणि दुसरा चालण्याजोगा विमा नसला, तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पार्ट बीचा हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, तोही कायमचा. मेडिगॅपची मुदत वेगळी. पार्ट बी १ मार्चला सुरू झालं तर तिथून सहा महिने, म्हणजे ऑगस्टअखेर. या काळात कंपनी तिला नाकारू शकत नाही, मधुमेह असो की बायपास झालेली असो. सप्टेंबर उजाडला की बहुतेक राज्यांत कंपनी तब्येतीचे प्रश्न विचारू शकते आणि सरळ नाही म्हणू शकते. न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन ही चार राज्यं याला मोठा अपवाद. ॲडव्हान्टेज पहिल्यांदाच घेतलं असेल तर पहिल्या वर्षात परतता येतं. पुढे पाचेक वर्षांनी आजार जडल्यावर मूळ मेडिकेअर परत मिळतं, पण पुरवणीची खात्री नाही. पासष्टाव्या वर्षी तब्येत ठणठणीत असताना, जेव्हा या कशाचीच गरज वाटत नाही, नेमका तेव्हाच हा निर्णय घ्यायचा असतो.

औषधांचं त्यामानाने सोपं झालंय. २०२२ च्या कायद्यामुळे इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या आत आलं, आणि २०२५ पासून पार्ट डीमधल्या औषधांवरच्या स्वतःच्या खर्चाला वार्षिक मर्यादा आली; २०२५ मध्ये ती २,००० डॉलर होती. तरी गावातल्या एकुलत्या औषध दुकानाला आपला प्लॅन पसंतीचं दुकान मानतो की नाही हे पाहावंच लागतं. त्यावर त्याच गोळीची किंमत बदलते.

हे सगळं एकट्याने उलगडायचं नसतं, एवढी तरी सोय आहे. १९९० च्या त्याच कायद्याने प्रत्येक राज्यात फुकट सल्ला देणारी योजना सुरू केली. वाचनालयात, ज्येष्ठांच्या केंद्रात, कधी फोनवर प्रशिक्षित माणूस भेटतो. त्यांतले बरेचसे स्वयंसेवक. विमा विकायला त्यांना मनाई. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा प्लॅन बदलायचा वार्षिक हंगाम, तेव्हा त्यांना उसंत नसते. प्लॅनची नावं तिथे उशिरा निघतात. आधी विचारलं जातं: कुठल्या काउंटीत राहता, कुणाकडे जाता, कुठल्या गोळ्या घेता. काउंटी महत्त्वाची, कारण ॲडव्हान्टेज प्लॅन काउंटीच्या हद्दीवर सुरू होतात आणि संपतात. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला मिळणारा प्लॅन तुम्हाला मिळेलच असं नाही.

मग येतो मला सर्वांत आवडलेला प्रश्न: हिवाळा कुठे काढता? माँटानाची थंडी चुकवायला बरेच म्हातारे ॲरिझोनात जातात. मूळ मेडिकेअर तिथेही चालतं, मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर चालतो. काउंटीच्या नेटवर्कवरचा प्लॅन तिथे तातडीपुरताच उपयोगी.

या प्रश्नाशी काही मराठी घरांचाही संबंध येतो. भारतातून जे-१ व्हिसावर प्रशिक्षणाला गेलेल्या डॉक्टरला नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. ती अट माफ करून घ्यायचा एक मार्ग म्हणजे डॉक्टरांची चणचण असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. नॉर्थ डकोटाचे माजी सेनेटर केंट कॉनराड यांच्या नावाची ही योजना १९९४ ची, आता राज्याला वर्षाला ३० जागा. अशा गावात गेलेला डॉक्टर कधी तीन वर्षांत निघतो, कधी तिथेच पासष्टी गाठतो. मधल्या काळात त्याचे आईवडीलही येतात. त्यांनी अमेरिकेत कामाची दहा वर्षं भरलेली नसतात, त्यामुळे ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येतं, आणि इतरांना फुकट मिळणाऱ्या पार्ट एचा हप्ता २०२५ मध्ये दरमहा ५१८ डॉलर.

आणि हिवाळा पुण्यात काढायचा असेल तर मूळ मेडिकेअर काहीच देत नाही; मोजके अपवाद सोडले तर ते देशाच्या सीमेवर थांबतं. मेडिगॅपचा प्लॅन जी परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के भरतो: पहिले २५० डॉलर आपले, आयुष्यभरात कमाल ५०,००० डॉलर, आणि प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेलं दुखणं असेल तरच. दिवाळीला आलेला माणूस संक्रांतीचा तिळगूळ खाऊन परतणार असेल, तर शेवटच्या आठवड्यांसाठी त्याला प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो.