हद्दीबाहेरचा इतिहास

पुणे-बंगळूर महामार्गावरून कोल्हापुरात शिरायचं तर गाडी तावडे हॉटेलपाशी वळते. हा चौक म्हणजे शहराचं प्रवेशद्वार. पण या परिसरातली जमीन महापालिकेच्या हद्दीत येते की उचगाव ग्रामपंचायतीच्या, हा वाद थेट कोर्टात गेला. बांधकामाला परवाना कुणी द्यायचा आणि घरफाळा कुणाकडे भरायचा, हे प्रश्न त्यात गुंतलेले. शहराच्या इतिहासाची पुस्तकं अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, पेठा आणि तालमी यांच्याभोवती फिरतात, ते रास्तच आहे. पण गेल्या ऐंशी वर्षांत कोल्हापूर कसं घडलं हे समजून घ्यायचं, तर उचगावच्या शिवारात उभं राहावं लागेल.

जुनं शहर वाढलं ते दरबारच्या आखणीने. मिरजेहून रेल्वे 1891 साली कोल्हापुरात आली आणि चारच वर्षांत, 1895 मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरी वसवली. गुळाची बाजारपेठ तिथे जोमाने वाढली. पुढे लक्ष्मीपुरी झाली, राजारामपुरी झाली. राजारामपुरीत आजही पत्ता गल्लीच्या क्रमांकाने सांगतात. या वसाहती आधी कागदावर आखल्या गेल्या, मग उभ्या राहिल्या. कसबा बावडा मात्र मूळचं स्वतंत्र गाव. शहराने ते पोटात घेतलं, तरी तिथली माणसं आजही ‘बावडेकर’ म्हणूनच ओळख सांगतात.

उचगावच्या बाजूला जे घडलं त्याचा उगम फार दूर होता. दुसऱ्या महायुद्धात, 1940-41 मध्ये, सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. सुटका झाल्यावर त्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे 1943 मध्ये त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. लांबच लांब बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, नाट्यगृह असं एक पोलिश गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसलं. मुंबईतल्या पोलिश कॉन्सलच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी या निर्वासितांसाठी अपार कष्ट घेतले. त्या पुढे भारतातच राहिल्या आणि 1991 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

छावणी 1948 पर्यंत चालली. पोलिश माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड अशी पांगली, आणि त्याच बराकींत फाळणीने घर हिरावलेली सिंधी कुटुंबं आली. त्या वसाहतीचं गांधीनगर झालं. एका उद्ध्वस्त समाजाने सोडलेल्या छपराखाली दुसऱ्या उद्ध्वस्त समाजाने संसार मांडावा, असा योग जगाच्या पाठीवर किती ठिकाणी आला असेल! मुंबईजवळच्या लष्करी छावणीतून असंच उल्हासनगर उभं राहिलं, पण त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. गांधीनगरच्या सिंधी व्यापाऱ्यांनी कापडाचा घाऊक बाजार इतका वाढवला, की दक्षिण महाराष्ट्रातले, कोकणातले आणि सीमाभागातले दुकानदार मालासाठी इथे येऊ लागले. दुकानं मुख्य रस्त्याने पसरत वळिवडे, गडमुडशिंगी आणि उचगावच्या हद्दीत शिरली. गिऱ्हाईक सगळ्यालाच गांधीनगर म्हणतं. कर मात्र वेगवेगळ्या ग्रामपंचायतींकडे जातो.

मग कारखाने आले. महामार्गावर एका अंगाला शिरोली आणि दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगाव अशा दोन औद्योगिक वसाहती, आणि मध्ये उचगाव. फौंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्याला परवडणारी खोली शहरात मिळेना, ती इथे मिळाली. उसाच्या रानांचे प्लॉट पडले, प्लॉटांच्या कॉलन्या झाल्या.

महापालिका 1972 मध्ये झाली, पण शहराची हद्द तेव्हापासून जागची हललेली नाही. हद्दवाढीचे प्रस्ताव येत राहिले, त्यात उचगावचं नाव येत राहिलं आणि गावं बंद पाळून विरोध करत राहिली. 2017 मध्ये सरकारने मधला मार्ग म्हणून 42 गावांचं नागरी विकास प्राधिकरण नेमलं. घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षणं पडतील ही गावाची भीती मला खरी वाटते. रस्ते, पाणी आणि बस शहराच्या, मग जबाबदारी का नको, हा शहराचा सवालही खोटा नाही.

हे भांडण फक्त आपलंच आहे असं नाही. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या दक्षिणेला रॅथमाइन्स नावाचं उपनगर आहे. 1847 मध्ये त्याने स्वतःचा वेगळा कारभार सुरू केला. कर कमी ठेवला, घड्याळाचा मनोरा असलेली नगरपालिकेची इमारत बांधली आणि शेवटी 1930 मध्ये ते डब्लिनमध्ये विलीन झालं. कॉर्क शहराची हद्द तर अलीकडे, 2019 मध्ये वाढली. बॅलिनकॉलिग, ब्लार्नी अशी गावं आत आली आणि शहराचं क्षेत्रफळ जवळपास पाचपट झालं.

आयर्लंडची दुसरी एक गोष्ट मला आपल्यासाठी जास्त मोलाची वाटते. 1937 ते 1939 या काळात तिथल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांनी घरच्या आणि शेजारच्या वृद्धांना विचारून गावच्या आठवणी वह्यांत उतरवल्या: विहिरी, जत्रा, पडकी घरं, शेतांची नावं, दुष्काळाच्या कथा. मोठ्या शहरांतल्या शाळा या मोहिमेत नव्हत्या. त्यामुळे तेव्हा हद्दीबाहेर असलेल्या आणि नंतर उपनगरं झालेल्या गावांपाशी त्यांचं गावपण मुलांच्या अक्षरात शिल्लक आहे.

वळिवड्याच्या पोलिश मुलांनीही म्हातारपणी हेच केलं. संघटना बांधली, आठवणी जमवल्या, जाडजूड ग्रंथ काढला. म्हणून त्या पाच वर्षांचा इतिहास आज वाचता येतो, आणि कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारकही आहे.

उचगावचं असं काम करायला साधनं हाताशी आहेत. गावनकाशा आणि जुने सातबारे पाहिले, तर कुठल्या रानाचं कुठलं नगर झालं ते कळतं. ग्रामपंचायतीच्या ठरावांत पहिल्या नळाची आणि पहिल्या कॉलनीची तारीख सापडेल. सगळ्यांत बोलकं साधन मात्र प्राथमिक शाळेतलं जनरल रजिस्टर. त्यात मुलाचं जन्मठिकाण लिहिलेलं असतं, आधीची शाळाही असते. गावाबाहेर जन्मलेली मुलं पटावर कधी दिसू लागली, कुठल्या तालुक्यातून, कुठल्या राज्यातून आली, हे वर्षावर्षाने मांडता येईल. सातवी-आठवीतली मुलंमुली हा तक्ता शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतील आणि संध्याकाळी घरी जाऊन आजीला विचारू शकतील, की आपला प्लॉट ज्या रानात पडला त्या रानाला तेव्हा काय म्हणत होते.