सोल्डर अडून बसलाय? आधी गनचं टेंपरेचर वाढवू नका!

प्रोजेक्ट ब्रेडबोर्डवर मस्त चालतो. पीसीबीवर चढवला की एखादी पिन अशी अडते की सोल्डर धरतही नाही आणि वितळतही नाही. मग आपण काय करतो? गन थेट ४५०वर! सोल्डर तसाच राहतो आणि खालचा तांब्याचा पॅडच उखडून येतो. बोर्ड गेला!

खरं तर अडलेल्या जोडाला बहुतेक वेळा जास्त उष्णता नको असते, ती नीट पोहोचायला हवी असते. ती कुठे अडते, ते आधी शोधा.

पहिला संशय बिटवर. बिट काळी पडली असेल, तर तो ऑक्साइडचा थर उष्णता पुढे जाऊच देत नाही. ओल्या स्पंजवर पुसा, ताजा सोल्डर लावून चकचकीत करा.

दुसरा संशय ग्राउंड पिनवर. ती तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेली असते, त्यामुळे दिलेली उष्णता पसरून जाते. इथे टोकदार बिट काढा, रुंद चपटी लावा.

तिसरं कारण सोल्डरच्या जातीचं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेला सोल्डर १८३ अंशांना वितळतो. युरोपने २००६पासून बहुतेक उपकरणांत शिशावर निर्बंध आणले. तेव्हापासून कंपनीच्या बोर्डांवर बहुधा बिनशिशाचा सोल्डर असतो, तो साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतो. अशा जोडावर फ्लक्स आणि थोडा शिशाचा सोल्डर घाला. दोन्ही मिसळले की वितळणं सोपं होतं. मग सकरने सगळं ओढून घ्या आणि नव्याने जोड द्या.

आता आपल्या किनाऱ्याची खास डोकेदुखी. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत हवेतच मीठ आणि दमटपणा. जोडांवर हिरवट थर चढतो, त्यावर सोल्डर गोळी होऊन घरंगळतो. फक्त अल्कोहोलने पुसून भागत नाही, कारण मीठ त्यात नीट विरघळत नाही. बॅटरी काढा, डिस्टिल्ड वॉटर आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि पूर्ण वाळू द्या. तांबं चमकेपर्यंत हलकेच खरवडा, फ्लक्स लावा, मगच गन हातात घ्या. काम झाल्यावर वरून संरक्षक कोटिंगचा थर द्या.

हे फक्त सबमिशनपुरतं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात. वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर तपासायला हाच निवांत वेळ. इंजिनाच्या थरथराटाने पिनेभोवती बारीक गोल चीर पडते. सेट बंदरात चालतो आणि समुद्रात मध्येच मुका होतो. संकटात मदत मागायचा चॅनेल १६ त्याच सेटवर असतो! म्हणून भिंगाखाली प्रत्येक जोड बघा. चीर दिसली तर नुसती गन टेकवून भागवू नका, जुना सोल्डर काढून नवा भरा.

चांगला जोड पिनेला आणि पॅडला बिलगून चढलेला दिसतो, वर ठेवलेल्या गोळीसारखा नाही. बिनशिशाचा थोडा मंद दिसला तरी चालतं. आणि हो, खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका, वडापावला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. शिसं आहे ते!