शल्य आणि क्रम : पचनमार्गाच्या कर्करोगावरील उपचारांतील नवा विचार

‘शल्य’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शरीरात रुतून वेदना देणारी वस्तू असा आहे. बाणाचे टोक किंवा काटा ही त्याची उदाहरणे होत. सुश्रुतसंहितेतील शल्यतंत्र या अर्थाला धरूनच उभे आहे : रुतलेले शोधावे, काढावे आणि जखम भरून येऊ द्यावी. शल्यचिकित्सा, शल्यविशारद हे शब्द मराठीत रूढ झाले, त्यांच्याबरोबर हे चित्रही आले. कर्करोगाविषयीची सर्वसाधारण समजूत याच चित्रावर आधारलेली आहे. गाठ हे शल्य. ते जितक्या लवकर निघेल तितके बरे. अन्ननलिका, जठर, पित्ताशय व मलाशय यांच्या कर्करोगांवरील अलीकडच्या संशोधनाने हे चित्र अपुरे ठरविले आहे. ते कसे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जवळजवळ एक शतकभर शल्यविशारदांपुढील मुख्य प्रश्न ‘किती कापावे’ हा होता. थिओडोर बिलरोट यांनी १८८१ साली व्हिएन्ना येथे कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढून उरलेले टोक आतड्यास यशस्वीपणे जोडले. ती रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचली, परंतु काही महिन्यांतच रोगाने पुन्हा डोके वर काढले व तिचा अंत झाला. १९०८ साली अर्नेस्ट माइल्स यांनी मलाशयाची व्यापक शस्त्रक्रिया वर्णिली. तीत गुदद्वारही जात असे आणि रुग्णाला पोटावरील कृत्रिम मलद्वारासह आयुष्य काढावे लागे. १९८२ साली बिल हील्ड यांनी मलाशयाभोवतीचे मेदाचे आवरण अखंड काढण्याची रीत मांडली; तिच्यामुळे त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. शस्त्र अचूक झाले. तरीही कित्येक रुग्णांत रोग दूरच्या अवयवांत प्रकट होतच राहिला. त्याच्या सूक्ष्म पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच इतरत्र पोहोचलेल्या होत्या, हे त्याचे कारण होय.

येथून ‘किती’ या प्रश्नाची जागा ‘केव्हा’ या प्रश्नाने घेतली. पूर्वी औषधे व किरणोपचार दिलेच तर शस्त्रक्रियेनंतर दिले जात. परंतु जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण क्षीण होतो, त्याला पुरेसे खाता येत नाही आणि औषधांचा क्रम अर्ध्यावर सुटतो. उलट, तेच उपचार आधी दिल्यास विखुरलेल्या पेशींवर लवकर मारा होतो आणि गाठही लहान होते.

हा केवळ तर्क नव्हे. मलाशयाच्या कर्करोगावरील जर्मन परीक्षणात (२००४) किरणोपचार व औषधे शस्त्रक्रियेनंतर दिली असता पाच वर्षांत १३ टक्के रुग्णांत रोग त्याच भागात परतला. तीच आधी दिली असता ६ टक्क्यांत. जठराच्या कर्करोगावरील ब्रिटिश परीक्षणात (२००६) पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण केवळ शस्त्रक्रियेने २३ टक्के, तर आधी व नंतर औषधे दिल्याने ३६ टक्के आढळले. अन्ननलिकेबाबत नेदरलंड्समधील परीक्षणाने (२०१२) असाच निर्वाळा दिला : केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटातील निम्मे रुग्ण सुमारे २४ महिन्यांपलीकडे जगले, आधी औषधे व किरणोपचार घेतलेल्या गटात हाच काळ ४९ महिन्यांवर गेला.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन परीक्षणात चार औषधांचा संयोग वरील डच पद्धतीहून सरस ठरला; तेथे हे काळ अनुक्रमे ६६ व ३७ महिने होते. मात्र तो निष्कर्ष ग्रंथिपेशींपासून होणाऱ्या कर्करोगापुरता आहे. भारतात अन्ननलिकेच्या अस्तरातील चपट्या पेशींचा कर्करोग अधिक आढळत असल्याने तो येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

मलाशयाच्या बाबतीत संशोधन आणखी एक पाऊल पुढे गेले आहे. औषधे व किरणोपचार यांनी गाठ पूर्णपणे नाहीशी झालेली दिसल्यास शस्त्रक्रिया न करता रुग्णावर लक्ष ठेवावे, हा विचार ब्राझीलमधील आंजेलिता हाबर-गामा यांनी २००४ साली आपल्या अनुभवाच्या आधारे मांडला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील परीक्षणात अशा रीतीने सुमारे निम्म्या रुग्णांचे मलाशय वाचविता आले. या पद्धतीला मराठीत ‘वाट पाहणे’ म्हणावयास हरकत नाही, कारण या क्रियापदात ‘पाहणे’ आहे. दर काही महिन्यांनी दुर्बिणीने व चुंबकीय प्रतिमांनी तपासणी चुकवली, तर ती वाट पाहणे न राहता दुर्लक्ष ठरते. गाठ पुन्हा वाढल्यास, आणि वाढलीच तर ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत वाढते, शस्त्रक्रिया करावीच लागते.

मुंबईत या विचाराचे प्रमुख केंद्र म्हणजे परळ येथे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय. पित्ताशयाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांत विरळ, परंतु गंगेच्या खोऱ्यात बराच आढळतो. तो आजूबाजूस पसरला असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी केवळ औषधे द्यावीत की किरणोपचारांचीही जोड द्यावी, याचे तौलनिक परीक्षण याच रुग्णालयाने हाती घेतले. आपल्या देशातील प्रश्नाचे उत्तर आपल्याच रुग्णांत शोधावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

क्रम बदलला की रुग्णाचे जगणेही बदलते. बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीपलीकडे असलेल्या गोराई गावातून परळ गाठावयाचे तर फेरीबोट, पुढे रिक्षा किंवा बस आणि मग लोकल असा प्रवास घडतो. मलाशयावरील दीर्घ किरणोपचारासाठी आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे जावे लागते. लघू पद्धतीत पाचच दिवस पुरतात. तथापि लघू पद्धतीवर आधारलेल्या एका मोठ्या युरोपीय परीक्षणात रोग त्याच भागात परतण्याचे पाच वर्षांतील प्रमाण १० टक्के, तर दीर्घ पद्धतीच्या गटात ६ टक्के आढळले. म्हणून निवड केवळ सोयीवर सोडता येत नाही.

सर्वच ठिकाणी क्रम उलटला आहे, असेही नव्हे. अगदी आरंभीच्या गाठी, मोठ्या आतड्याचे बहुसंख्य कर्करोग, तसेच आतडे तुंबणे किंवा फुटणे यांसारखे प्रसंग यांत आजही शस्त्रक्रियाच आधी येते.

येथे भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. ‘ऑपरेशन आता नको, पुढे पाहू’ हे वाक्य रुग्णाच्या घरी ‘आता उपाय उरला नाही’ या अर्थाने ऐकले जाण्याचा धोका असतो. कारण शल्याच्या चित्रात न काढणे म्हणजे हात टेकणे. मग घरचे लोक दुसरीकडे धाव घेतात आणि मोलाचे आठवडे वाया जातात. या उपचारांना ‘नवसहायक’ अशी संज्ञा दिली तर ती शब्दशः खरी असूनही निरुपयोगी ठरेल, कारण तीत क्रम दिसत नाही. ‘शस्त्रक्रियापूर्व उपचार’ या संज्ञेत शस्त्रक्रियेचे आश्वासन आणि तिचे स्थान ही दोन्ही आहेत. ‘शस्त्रक्रिया पुढे ढकलली’ असे म्हणण्याऐवजी ‘उपचार आजच सुरू होत आहेत, शस्त्रक्रिया त्यांचा दुसरा टप्पा आहे’ असे सांगितले, तर वैद्यकाचा नवा विचार रुग्णापर्यंत जसा आहे तसा पोहोचेल. परिभाषा घडविताना शब्दाच्या शुद्धतेइतकाच, भयभीत मनुष्य तो शब्द कसा ऐकेल याचाही विचार आपण करावयास हवा.