रक्तासोबत साचणारे लोह

गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या अंगात लोह साचत जाते. एका पिशवीतून सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. यकृत आणि हृदय त्यापायी निकामी होऊ शकते. पूर्वी लोह काढणाऱ्या डेस्फेरिऑक्सामिन या औषधासाठी कातडीखाली सुई खुपसून रात्रभर पंप चालवावा लागे. जंगलातल्या टोल्यावर हे जमायचे कसे? तोंडाने घ्यायची डेफेरिप्रोन भारतात 1990च्या दशकातच आली, युरोपात 1999 साली. ती लोहाला धरून लघवीवाटे काढते. लघवी तांबूस दिसली तर घाबरू नये. ताप आला मात्र, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायलाच हव्यात. डेफेरासिरॉक्स ही लोह काढणारी दुसरी गोळी दिवसातून एकदाच घ्यायची, पण तिच्यासाठी मूत्रपिंड आणि यकृताची नियमित तपासणी लागते. ही तपासणी तालुक्यालाच मिळाली पाहिजे.