बचाता: चौथ्या मात्रेचा नाच

बाजूला पावलं टाकायची: एक, दोन, तीन. चौथ्या मात्रेला पाऊल पडत नाही. चवडा नुसता टेकतो आणि कंबर हलकीशी उचलली जाते. मग तेच उलट दिशेने. बचाताचा हा मूळ ठेका तासाभरात जमतो. जोडीदाराच्या इतक्या जवळ असताना त्या चौथ्या मात्रेला दोघांनी एकाच वेळी थांबणं मात्र सावकाश जमतं, आणि या नाचातलं सगळं प्रेम त्या थांबण्यात आहे.

आज प्रेमिकांचा नाच म्हणून जगभर पोचलेला बचाता डॉमिनिकन रिपब्लिकच्या खेड्यांत, गरीब वस्त्यांत, दारूच्या गुत्त्यांत वाढला. हुकूमशहा राफाएल त्रुहियोच्या राजवटीत मेरेंगेला राष्ट्रीय संगीताचा मान होता. १९६१ मध्ये त्याची हत्या झाली. पुढच्याच वर्षी होसे मानुएल काल्देरोन यांनी ध्वनिमुद्रित केलेली गाणी बचाताची पहिली मानली जातात. घडण क्यूबाहून आलेल्या संथ बोलेरोची. आशय विरहाचा, फसवणुकीचा, पेल्यात बुडवलेल्या दुःखाचा. प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. बहुतेक रेडिओ केंद्रांनी दारं बंद ठेवली. रादिओ ग्वाराचिताने ती उघडली.

१९९० मध्ये हुआन लुइस गेरा यांचा ‘बचाता रोसा’ हा अल्बम आला, त्याला ग्रॅमी मिळालं आणि सुखवस्तू घरांतही बचाता वाजू लागला. गेरांचं श्रेय मोठंच आहे. पण त्याआधी जवळपास तीस वर्षं हे संगीत जगवलं ते गुत्त्यांतल्या गिटारवाल्यांनी, आणि मान आधी त्यांचा आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने हे संगीत आणि नृत्य मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

दरम्यान स्पेनमध्ये सेन्सुअल बचाता घडला: अंगातून जाणाऱ्या लाटा, मानेचे झोके. तो देखणा आहे. तरी मला डॉमिनिकन नाचणाऱ्यांची पावलंच अधिक प्रिय, कारण ती वाद्यांना उत्तर देतात. रेक्विंतो ही मुख्य गिटार, साथीला दुसरी गिटार, बास, बोंगो आणि ग्विरा, म्हणजे ताठ तारांच्या कुंचल्याने घासायची धातूची खरखरीत नळी. कडव्याला बोंगोवाला सहसा ‘देरेचो’ हा सरळ ठेका धरतो, ध्रुवपदाला ‘माहाओ’. गिटार एकटी खुलू लागली की ‘माम्बो’. मुरलेली जोडी हे कानांनीच ओळखते. कडव्यात मिठी जवळची आणि पावलं लहान असतात. पुढाकार घेणारा जोडीदार पाठीवरच्या तळव्याच्या किंचित दाबाने दिशा सुचवतो, ओढत नाही. माम्बो लागला की मिठी सैल होते, आणि मग दोघांचे पाय आपापल्या परीने बोंगोशी सवालजवाब करतात.