जाम दरवाज्याचा घाट: आधी उतार, मग चढ

संक्रांतीनंतरच्या रविवारी आपल्या मंडळाची सायकल फेरी पुन्हा जाम दरवाज्याला जाणार आहे. नावे देणाऱ्यांत या वेळी पन्नाशी ओलांडलेले बरेच जण आहेत. ज्यांची सायकल आजवर राजेंद्रनगर ते राजवाडा यापलीकडे गेलेली नाही, अशी तरुण मंडळीही आहेत. गेल्या वर्षी आम्ही ज्या चुका केल्या त्या यंदा कोणी करू नयेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहोत.

पुण्याचा सायकलवाला सिंहगडाला जातो तेव्हा आधी चढतो. सकाळचा गारवा असतो, पाय ताजे असतात, आणि दमलाच तर घरापर्यंत उतार असतो. आपले इंदूरकरांचे सगळे उलटे. आपण राहतो तेच माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर, आणि नर्मदाकाठचे महेश्वर जेमतेम दीडशे मीटरवर. त्यामुळे कोणत्याही वाटेने निमाडात उतरा, जाताना मजा आणि येताना सजा. चढ समोर येतो तेव्हा ऊन वर आलेले असते, पाण्याची बाटली अर्धी झालेली असते आणि पायांतला पहिला जोर खर्च झालेला असतो.

अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेल्यावर पठार आणि नदीकाठ यांच्यामधल्या या वाटेचे महत्त्व वाढले. घाटमाथ्यावरचा जाम दरवाजा त्यांनी 1791 मध्ये बांधवला. तिथून खाली निमाडाकडे पाहिले की हा दरवाजा नेमका इथेच का, हे कोणाला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात तिथे धुके, भुट्टे आणि मोटारींची जत्रा असते. म्हणून आपण जानेवारी निवडला आहे.

मार्ग गेल्या वर्षीचाच. महूहून निघून बडगोंद्याकडून जाम दरवाजा, तिथून घाट उतरून पायथा, आणि पायथ्याहून वळून परत दरवाज्यापर्यंत. सगळे मिळून साधारण पन्नास किलोमीटर. दरवाज्यावरून सायकली टेम्पोत चढवायच्या आहेत, त्यामुळे महूपर्यंत परत चालवण्याची चिंता नको. सिमरोलच्या पुढचा भेरूघाट का नाही, असे काहींनी विचारले. तिथली ट्रकांची वर्दळ पाहता आमचे उत्तर ठाम नाही असेच आहे.

गेल्या वर्षी काय झाले ते आधी सांगतो. आम्ही अकरा जण निघालो. महू ते दरवाजा रस्ता खालीवर होत जातो, पण गप्पांच्या नादात ते जाणवले नाही. पुढच्याच्या मागे मागे राहून सगळे ताशी चोवीस-पंचवीसच्या वेगाने गेलो. घाट तर वाऱ्यासारखा उतरलो. पायथ्याशी चहा, फोटो, आणि मग चढ. पहिल्या दोन वळणांवर प्रत्येक जण दुसऱ्याला मागे टाकत होता. चौथ्या वळणानंतर रस्त्याच्या कडेला एकेक जण बसलेला दिसू लागला. चौघे शेवटी पिकअपमधून वर आले.

त्यांच्यातले एक काका, वय चोपन्न, छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते आहे हे कोणालाच बोलले नाहीत. मुलगा मागून येत होता, त्याच्यादेखत उतरायचे कसे, असे त्यांना वाटले. पायात गोळे आले म्हणून थांबलो, एवढेच त्यांनी सांगितले. आम्हीही लिंबू-मीठ-पाणी दिले आणि पाय चोळून दिले. तीन दिवसांनी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आता ते बरे आहेत आणि यंदा टेम्पोबरोबर येणार आहेत. पण त्या दिवशी आमच्यापैकी एकानेही त्यांना नीट विचारले नाही, हे आम्हाला अजून टोचते.

म्हणून यंदा पहिली अट: चाळिशीच्या पुढचे, तसेच रक्तदाब, साखर किंवा घरात हृदयविकार असलेले, यांनी डॉक्टरांना दाखवून यावे, आणि घाट चढायचा आहे हे त्यांना स्पष्ट सांगावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत. ज्यांना त्या चालू आहेत त्यांनी मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नये. साखरेची औषधे घेणाऱ्यांनी ग्लुकोजची पुडी खिशात ठेवावी. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक घाम किंवा चक्कर, यांतले काहीही झाले तर थांबायचे आणि जो जवळ असेल त्याला सांगायचे.

आता चढाचे गणित. पातालपाणी ते कालाकुंड गाडीने आपल्यापैकी अनेकांनी प्रवास केला आहे. त्या रुळांचा चढ चाळीसास एक, म्हणजे अडीच टक्के, आणि तेवढ्यासाठीही मीटरगेजच्या गाडीला कालाकुंडला मागून आणखी एक इंजिन लावावे लागे. रस्त्याच्या घाटात पाच-सहा टक्के चढ सर्रास असतो, आणि आपल्या मागे इंजिन नसते. हिशेबापुरती 300 मीटर उंची धरू. माणूस 70 किलो, सायकल आणि पाणी मिळून 12. एवढे वजन तितके वर न्यायला सुमारे 241 किलोज्यूल काम लागते. ते चाळीस मिनिटांत केले तर सरासरी 100 वॅट पडतात, तीस मिनिटांत केले तर 134. दहा मिनिटे वाचवायला तिसरा हिस्सा जास्त जोर! सपाटीवर जोर मुख्यतः हवेशी भांडण्यात जातो, म्हणून दुसऱ्याच्या मागे राहिले की फुकट आराम मिळतो. घाटात वेग ताशी आठ-नऊवर आला की हवेचा प्रश्नच उरत नाही. समोर कोणीही असो, आपले वजन आपल्यालाच उचलायचे असते. त्यामुळे दुसऱ्याच्या वेगाने चढणे ही चढावरची सगळ्यात महाग चूक. पुढे जाणाऱ्याला जाऊ द्या.

आपला वेग ओळखायला यंत्र लागत नाही. भीमरूपी मनात नको, मोठ्याने म्हणून पाहा. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जोर जास्त होतो आहे. एक ओळ एका दमात निघते आणि ओळीनंतर श्वास घ्यावासा वाटतो, तो वेग बरोबर. पहिल्या एक तृतीयांश चढावर तर ‘हे फारच हळू होते आहे’ असे वाटलेच पाहिजे. तसे वाटत नसेल तर गिअर आणखी हलका करा. जोर उरलाच तर शेवटच्या किलोमीटरला दाखवा, दरवाजा समोर असतो आणि बघायला माणसेही असतात.

गिअरबद्दल लाज बाळगू नका. पुढे 24 दातांचे चक्र आणि मागे 28 दातांचे, असा जोड अनेक साध्या गिअरच्या सायकलींवर असतो. मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवले तर त्यावर वेग ताशी साडेसहा किलोमीटर पडतो. चालण्यापेक्षा थोडा जास्त, पण गुडघे शाबूत राहतात. गिअर वळणाच्या आधी बदला. भर जोरात बदलला तर साखळी उतरते. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या वळणावर आतल्या कडेला येतो आणि तिथे चढ एकदम अंगावर येतो. गेल्या वर्षी बहुतेक जण तिथेच उतरले. उतरून चालायलाही हरकत नाही. आपले आजोबा बिनगिअरच्या सायकलवर चढ आला की खाली उतरून, हँडल धरून, गप्पा मारत चालत आणि पुन्हा टांग मारत.

उतारावर शर्यत नाही, हे मात्र कडक. दोन्ही ब्रेक वापरा. सतत दाबून धरू नका, वळणाच्या आधी दाबा आणि वळणात सोडा. ब्रेकचे रबर झिजले असेल तर आठवडाभर आधी बदला, आदल्या रात्री नव्हे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तीच कल्पना घेऊन आपण यंदा वेळ फक्त पायथा ते दरवाजा एवढीच मोजणार आहोत. खाली कोण किती जोरात गेला, याची नोंद कुठेही होणार नाही.

तयारीला सहा आठवडे पुरतात. इंदूर सपाट आहे ही तक्रार खरी, पण बिजासन टेकडीचा छोटा चढ पहाटे चार-पाच वेळा चढून उतरला तर सराव होतो. आठवड्यातून एकदा तेवढे करा, एकदा सुपर कॉरिडॉरवर दीड-दोन तास एका लयीत चालवा, आणि मधे एखादा हलका दिवस ठेवा. जास्तीचा उत्साह शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हा निम्म्यावर या.

खाण्याबद्दल इंदुरात बोलणे म्हणजे आगीशी खेळ, तरी सांगतो. पोहे चालतील, निघण्याआधी दोन तास आणि शेव बेताने. जिलबी परतल्यावर. वाटेत तासाला एक-दोन केळी किंवा मूठभर खजूर, आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ. पायथ्याच्या चहावर वेळ घालवू नका, पाय आखडतात. पहाटे महूला चांगलीच थंडी असते. खाली थोडी ऊब असते आणि चढताना घाम येतो, म्हणून काढून कमरेला बांधता येईल असे जाकीट घ्या. उतरताना ते अंगातच हवे.

महूला सकाळी साडेसहाला जमायचे. टेम्पो सगळ्यांच्या मागे राहील, आणि गेल्या वर्षीचे ते काका ड्रायव्हरशेजारी असतील. हात वर केला की ते थांबतील. टेम्पोत त्यांच्या पत्नीच्या हातचे तिळगूळ असतील, आणि चढून आलेल्याला व बसून आलेल्याला ते सारखेच मिळतील, असे काकूंनी आधीच बजावले आहे.